कुपीचा रंग

ही गोष्ट खरी आहे.

असं सगळेच म्हणतात, मला माहीत आहे. मीसुद्धा या पानावरच्या गोष्टी वाचते आणि "चल, काहीही!" म्हणून पुढे सरकते. मी शाळेत गणित शिकवते. भुताखेतांशी माझं घेणं ना देणं. पण ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावशीची आहे. तिनं ती मला एकदाच सांगितली, आणि सांगताना माझा हात सोडला नाही.

आणि आधीच सांगून ठेवते, यात काळीकुट्ट रात्र नाही की पडकं घर नाही. जे झालं ते भर दुपारी, चांगल्या लख्ख ट्यूबलाइटखाली.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी.

मावशी तेव्हा एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स होती. वॉर्डात नाही, तळमजल्यावर. ऑपरेशनची हत्यारं जिथे धुतात, कापडात बांधतात आणि वाफेवर निर्जंतुक करतात, त्या विभागात. पेशंटला ही खोली ठाऊकच नसते. तो वर डॉक्टरांचे पाय धरतो, आणि त्याचा जीव खाली कुणाच्या तरी हातात असतो.

खोलीला दोन खिडक्या. एक मळकी, एक चोख. वापरलेली हत्यारं मळक्या खिडकीतून आत यायची, हौदात घासून धुतली जायची, त्यांची गाठोडी बांधली जायची, ती वाफेच्या मशीनमध्ये जायची, आणि चोख खिडकीतून ऑपरेशन थिएटरला परत. उलटं कधीच नाही. हौदावर एक काका होते, जाड चष्म्याचे, उभा जन्म कात्र्या आणि चिमटे घासण्यात घालवलेले. सगळे त्यांना हौदकाकाच म्हणायचे.

आणि या सगळ्यांवर मोठ्या बाई.

मोठ्या बाई विभागाच्या प्रमुख. ठेंगण्या, पन्नाशीच्या, बोलणं कमी. पण बोलल्या की समोरच्याची दातखीळ. त्यांची एक सवय होती. गाठोडं बांधून झालं की त्यावर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवायच्या. टक टक. मगच ते मशीनमध्ये जायचं. पाठीमागे सगळे त्यांना टकटकबाई म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं.

"म्हणा," त्या म्हणायच्या, "फक्त हात धुऊन म्हणा."

मावशीला त्यांनीच शिकवलं. गाठोड्यावर एक टेप लावतात, वाफ लागली की तिच्यावरच्या रेघा काळ्या होतात. नवशिके ती बघून खूश होतात. मोठ्या बाई म्हणायच्या, "टेप म्हणजे पातेल्याचं झाकण गरम लागणं. भात शिजला का, ते शीत दाबूनच कळतं."

ते शीत म्हणजे कुपी. करंगळीएवढी. लोडच्या अगदी मधोमध ठेवायची. लोड म्हणजे मशीनमध्ये एका वेळी जाणारी सगळी गाठोडी. मग ती कुपी चोवीस तास उबदार पेटीत ठेवायची. आत मुद्दाम जंतू घातलेले असतात. ते मेले असले तर कुपीतलं पाणी जांभळं राहतं.

जगले असले तर पिवळं होतं.

पिवळं झालं की त्या लोडची सगळी गाठोडी परत मागवायची. वापरलेली असतील तर त्या पेशंटच्या डॉक्टरांना लगेच कळवायचं. रोज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी थिएटरमधून भिंतीवरच्या फोनवर एकच शब्द यायचा. "रंग?" इकडून एकच शब्द जायचा. "जांभळा."

आणखी एक नियम. दोन गाठोड्यांत तळहात जाईल एवढी फट हवी. ठासून भरलं की बाहेरच्या टेपा सगळ्या काळ्या होतात, पण मधल्या गाठोड्यांपर्यंत वाफ पोचतच नाही.

मावशीला हे सगळं तोंडपाठ होतं. म्हणून तर राग येतो.

मोठ्या बाईंच्या पित्ताशयात खडे झाले. ऑपरेशन ठरलं मंगळवारी सकाळी, याच हॉस्पिटलात. डॉक्टरांनी विचारलं, बाहेर दाखवायचंय का कुठे? तर म्हणाल्या, "बाहेर कशाला जाऊ? इथली हत्यारं माझ्या पोरीच्या हातची आहेत."

पोरगी म्हणजे माझी मावशी.

सोमवारी विभाग पहिल्यांदाच मावशीच्या ताब्यात आला. दुसऱ्या दिवशीची यादी लांबलचक. दोन लोड लावावे लागणार, म्हणजे संध्याकाळ. मावशीच्या मनात आलं, आपण दाखवून देऊ. टकटकबाईंना जे दोनांत जमतं ते आपण एकात करू.

तिनं मशीन ठासून भरलं. हौदकाका म्हणाले, "बाई, फट राहिली नाही." ती म्हणाली, "काका, तुम्ही तुमचा हौद बघा."

टेपा सगळ्या काळ्याभोर निघाल्या. दोन वाजताच गाठोडी वर गेली. थिएटरमधून फोन आला, "वा! मोठ्या बाईंना दिवेलागण झाली असती." मावशीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मंगळवारी सकाळी दहाला मोठ्या बाईंचं ऑपरेशन झालं. छान झालं. मावशी स्वतः बघून आली.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तिनं उबदार पेटी उघडली...

कुपी पिवळी होती.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला.

"रंग?"

नुसतं खरं सांगायचं होतं. डॉक्टरांनी औषधं बदलली असती, जखमेवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं असतं. मावशीची नाचक्की झाली असती, कदाचित नोकरी गेली असती. बस, इतकंच.

मावशी म्हणाली, "जांभळा."

तिनं रजिस्टरात तेच लिहिलं. कुपी कचऱ्यात टाकली. मग त्या लोडची उरलेली गाठोडी काहीतरी कारण काढून परत मागवली आणि गुपचूप पुन्हा वाफेवर लावली. म्हणजे बघा, तिला कळत होतं. सगळं कळत होतं.

तिसऱ्या दिवशी मोठ्या बाईंना ताप भरला. डॉक्टरांनी छाती तपासली, रक्त तपासलं, लघवी तपासली. हत्यारांचा विषय निघाला तेव्हा मोठ्या बाईच फणकारल्या. "तिकडे बघूच नका. सेट माझ्या पोरीनं लावलेत."

सहाव्या दिवशी त्यांनी मावशीला बोलावून घेतलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. त्यांनी हळूच विचारलं, "सोमवारच्या लोडची कुपी... रंग काय होता गं?"

मावशी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "जांभळा, बाई."

मोठ्या बाई तिच्याकडे बघत राहिल्या. खूप वेळ.

मग त्यांनी हात उचलला आणि पलंगाच्या लोखंडी दांडीवर पेरानं वाजवलं. टक टक.

"बरं," म्हणाल्या, आणि कूस बदलली.

नवव्या दिवशी त्या गेल्या.

मावशी त्यांच्या मुलीच्या गळ्यात पडून रडली. महिन्याभरात मावशी विभागाची प्रमुख झाली. सगळे तिला "बाई" म्हणायला लागले. फट ठेवायचा नियम तिनं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावला, आणि खरं सांगायचं तर काम चोख केलं. पण एक गोष्ट तिनं हौदकाकांना आणि बाकीच्यांना बजावली. "वरून रंग विचारला की जांभळा म्हणायचं. शंका आली तर आधी मला सांगायचं, मी बघेन. बाहेर एकच शब्द जाईल."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

पहिल्यांदा ते झालं तेव्हा मशीन चालू होतं. दार बंद, चाक घट्ट फिरवलेलं, आत माणूस भाजून निघेल एवढी वाफ. मावशी टेबलावर कापडं दुमडत होती. वाफेची फुसफूस एकदम थांबली. दाबाचा काटा जागेवर, दिवा चालू, पण आवाज नाही.

आणि मग आतून...

टक टक.

मावशीनं हौदकाकांकडे बघितलं. त्यांनीही ऐकलं होतं. काका म्हणाले, "पाइप तापला की वाजतो, बाई." मशीन इतकी वर्षं तापत होतं. पाइप कधी वाजला नव्हता.

मग नळ. तिथले नळ कोपरानं उघडायचे असतात, हाताचे जंतू लागू नयेत म्हणून लांब दांड्याचे. दुपारी सगळे जेवायला गेले की नळ सुरू व्हायचा. पाण्याचा आवाज सरळ धारेचा नसायचा. मध्येच तुटायचा, फुटायचा, कुणी धारेखाली हात चोळत असल्यासारखा. मावशी धावत जायची. नळ बंद. हौद कोरडा.

साबण ओला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मोठ्या बाईंची मेल्यावरही गेली नाही.

मग गाठोडी. मावशी स्वतः तळहात घालून फटी मोजायची, मशीन बंद करायची. तासाभरानं उघडलं की सगळी गाठोडी एकमेकांत ठासलेली. त्या सोमवारी होती तशीच, त्याच क्रमानं. ती पुन्हा लोड लावायची. पुन्हा तेच. वरून थिएटरवाले ओरडायचे, "बाई, झोपलात का?" ती कुणाला काय सांगणार? सांगायचं तर सोमवारपासून सांगावं लागलं असतं.

आणि मग कुप्या.

एके दुपारी तिनं पेटी उघडली आणि कुपी पिवळी. तिनं लोड थांबवला, काकांना बोलावलं.

"काका, रंग?"

"जांभळा, बाई."

तिनं डोळे चोळले. पिवळा. अगदी त्या दिवशीसारखा. दुसऱ्या दिवशी पिवळा. तिसऱ्या दिवशी पिवळा. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते हसून म्हणाले, "नजर तुमची माझ्यापेक्षा चांगली आहे." थिएटरच्या सिस्टरला दाखवलं, ती म्हणाली, "जांभळाच तर आहे! बाई, रजा घ्या थोडी."

म्हणजे सगळ्या जगाला जांभळा. फक्त मावशीला पिवळा.

शेवटी मावशीनं बघणंच सोडलं. काका सांगतील तो रंग ती लिहायची. आठ महिने असेच गेले.

आता माझी आई येते.

आई म्हणजे मावशीची धाकटी बहीण. बाळंतपणाला ती मावशीकडे आली, कारण हॉस्पिटल घरचंच म्हणायचं. आई बडबडी, हसरी. मावशीचे ओढलेले गाल बघून म्हणाली, "ताई, पोट माझं वाढलंय आणि बारीक तू होतेयस. बाळ नक्की कुणाला होणारेय?" मावशीला आईबाप नव्हते, लग्न केलेलं नव्हतं. या बहिणीशिवाय तिला जगात कुणी नव्हतं.

तो दिवस गुरुवार होता. सकाळपासून आईला कळा येत होत्या. मावशी दर तासाला वर जाऊन येत होती. दुपारी ती खाली आली तेव्हा खोलीत काका एकटेच होते, हौदावर वाकून घासत होते.

दोन वाजून दहा मिनिटं.

पेटी आपोआप उघडली होती...

मावशीनं कित्येक महिन्यांनी आत बघितलं. बुधवारच्या लोडची कुपी. पिवळी. हळदीसारखी पिवळी.

फोन वाजला. थिएटरची सिस्टर धापा टाकत होती. "बाई, तुमच्या बहिणीला टेबलवर घेतलंय. बाळाचे ठोके मंदावलेत, पोट उघडावं लागेल. कालचाच सेट घेतोय. रंग सांगा पटकन!"

मावशीनं फोन हातात धरूनच हाक मारली.

"काका! रंग?"

"जांभळा, बाई."

मावशी उत्तर देणार होती, इतक्यात तिच्या लक्षात आलं. काकांची पाठ तिच्याकडे होती. त्यांनी मान वरसुद्धा केली नव्हती.

"काका... तुम्ही बघितलं कुठे?"

काका वळले. चष्मा वाफेनं पांढरा झालेला. "इतके महिने न बघताच सांगतोय की, बाई. तुम्हीच बजावलंत, जांभळाच म्हणायचं म्हणून."

"मी कुपी दाखवायचे तेव्हा? तेव्हा तर तुम्ही बघायचात ना?"

"तुमचा चेहरा बघायचो, बाई."

मावशीनं त्यांचा चष्मा काढून पदरानं पुसला, परत त्यांच्या डोळ्यांवर चढवला आणि कुपी नाकासमोर धरली. "खरं सांगा. तुमच्या पाया पडते. कसला रंग आहे हा?"

काका बघत राहिले. "बाई, मला भीती वाटते. तुम्हाला कुठला हवाय ते सांगा. मी तोच म्हणतो."

सांगा आता. कुणावर विश्वास ठेवायचा? डोळ्यांवर? ते खोटं दाखवतात असं सगळ्यांनीच सांगितलं होतं. काकांवर? त्यांना खोटं बोलायला तिनंच शिकवलं होतं. कुपी जांभळी असेल आणि पिवळी म्हटलं, तर डॉक्टर अडणार, बाळ पोटातच जाणार. कुपी पिवळी असेल आणि जांभळी म्हटलं, तर बहीण जाणार. नऊ दिवसांत. कशी जाते ते तिनं बघितलं होतं.

फोनमध्ये आता सिस्टरचा आवाज येत नव्हता. काहीच येत नव्हतं.

मग कुणीतरी श्वास घेतला. दमलेला, सुकल्या ओठांतून येणारा...

"रंग काय होता गं?"

मावशीनं तो आवाज लगेच ओळखला.

ती जमिनीवर बसली. फोन कानाला तसाच. आणि तिच्या तोंडून हंबरडा फुटला. "पिवळा! पिवळा होता, बाई! त्या सोमवारचा पिवळा होता! मी ठासून भरलं, मी खोटं बोलले, मी तुम्हाला मारलं! आजचाही पिवळा आहे! माझ्या बहिणीला काही करू नका!"

मशीन बंद होतं. तरी आतून आवाज आला. टक टक.

आणि फोनमध्ये एकदम थिएटरचा गलका. सिस्टर किंचाळत होती, "डॉक्टर, बाई पिवळा म्हणतायत! कालचा लोड पिवळा!" मागून डॉक्टरांचा आवाज, "दुसरा सेट?" "नाही, सगळे कालचेच!" मग डॉक्टर म्हणाले, "थांबता येणार नाही. उघडा. औषधं आत्ताच्या आत्ता चालू करा, आणि ही जखम मी रोज स्वतः बघणार."

दोन वाजून एकोणीस मिनिटांनी माझा जन्म झाला.

तिसऱ्या दिवशी आईला ताप भरला. पण आता सगळ्यांना माहीत होतं कुठे बघायचं. कुणी छाती तपासत बसलं नाही. लगेच टाके उघडले, पू काढला, जखम धुतली, औषधं वाढवली. दोन दिवस आई शुद्धीत नव्हती. मावशी उशाशी बसून होती. पोटात अन्न नाही, डोळ्याला डोळा नाही.

नवव्या दिवशी आई उठून बसली आणि म्हणाली, "ताई, भूक लागलीय."

मावशी हसत, रडत बाहेर आली. डॉक्टर दारातच होते. ते म्हणाले, "तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत म्हणून वाचली. नाहीतर आपण भलतीकडेच शोधत बसलो असतो, आणि हीसुद्धा गेली असती." तिनं फोनवर जे कबूल केलं ते त्यांच्याही कानावर गेलं होतं. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "मोठ्या बाईसुद्धा वाचल्या असत्या."

मावशीचं हसू तिथेच थिजलं.

बहीण जगली याचा आनंद तिला कधी झालाच नाही. आईच्या पोटावरचा तो वण बघितला की तिला दुसरी एक बाई दिसायची, जी अशीच उठून बसली असती आणि भूक लागली म्हणाली असती. लोक म्हणतात भूत मानगुटीवर बसतं, जीव घेतं. मोठ्या बाईंनी जीव घेतला नाही. त्यांनी आईला जगवलं, आणि मावशीला ते रोज बघायला लावलं. असला सूड मी तरी कुठे ऐकला नाही.

त्याच नवव्या दिवशी दुपारी आईनं पलंगावरून हाक मारली होती, "ताई, मघापासून दांडीवर कोण वाजवतंय गं?"

चौकशी झाली. मावशीनं सगळं लिहून दिलं. नोकरी गेली. ती मोठ्या बाईंच्या घरी गेली. त्यांच्या मुलीनं दारातच सगळं ऐकून घेतलं, रागावली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आई शेवटपर्यंत तुमचंच कौतुक करत होती." आणि दार लावून घेतलं.

ती बुधवारची कुपी कुणालाच सापडली नाही. हौदकाका मरेपर्यंत म्हणत होते, ती जांभळीच होती. मग आईला पू कशानं झाला? मी यावर खूप विचार केला आहे. गणित सुटत नाही.

आता आजचं सांगते. खरं तर एवढं सगळं लिहायला बसले ते आजच्यामुळेच.

मावशी आता म्हातारी झाली. परवा न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. उद्या सकाळी दहाला ऑपरेशन आहे, हाडात खिळा बसवायचा. हॉस्पिटल तेच, दुसरं जवळ नाही. खिळ्याच्या ऑपरेशनला कुपीचा रंग कळेपर्यंत सेट देतच नाहीत म्हणे. आज दुपारी मावशीनं माझा हात धरला आणि म्हणाली, "बाळा, एक काम कर. खाली चोख खिडकीशी जा आणि रंग विचारून ये. दोन दहाला."

मी गेले. तळमजला, लांब बोळ, कुणी नाही. शेवटी छोटी लाकडी खिडकी, अर्धी उघडी. आत एक ठेंगणी बाई पाठमोरी उभी होती. मास्क, टोपी, ओले हात.

मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "जांभळा."

मी "थँक्यू" म्हटलं. तिनं मागे न वळता खिडकीच्या फळीवर पेरानं वाजवलं...

दोनदा.

मी पायऱ्या चढून वर आले. अर्ध्या जिन्यात ती टक टक माझ्या लक्षात आली. परत धावत खाली गेले. खिडकी बंद होती. फळीवर आडवी पट्टी ठोकलेली, खिळे गंजलेले. वॉचमन म्हणाला, "मॅडम, हा विभाग केव्हाच नव्या इमारतीत गेला. इथे भंगार आहे."

मी नव्या इमारतीत गेले. तिथल्या सिस्टरनं चांगुलपणानं रजिस्टर दाखवलं. कालचा लोड. समोर लिहिलेलं, जांभळा.

"कुपी बघू शकते का?" मी विचारलं.

तिनं रजिस्टर मिटलं. मग म्हणाली, "टाकून दिली. लिहिलंय ना?"

मी मावशीकडे आले. ती दाराकडेच डोळे लावून बसली होती.

"विचारलंस?"

"हो. जांभळा, मावशी."

"कोण होतं गं खिडकीत?"

"होती एक सिस्टर."

मावशीनं माझ्या डोळ्यांत बघितलं. "तिनं फळीवर वाजवलं का?"

काय सांगणार होते मी? उद्या ऑपरेशन, आधीच ती घाबरलेली, रक्तदाब वाढलेला. तिला त्रास नको म्हणून... फक्त तेवढ्यासाठीच मी म्हटलं, "नाही गं. कुणी काही वाजवलं नाही."

मावशी माझ्याकडे बघत राहिली. खूप वेळ.

मग म्हणाली, "बरं." आणि मान भिंतीकडे वळवली.

आता संध्याकाळचे सात वाजलेत. मी तिच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून हे लिहितेय. डॉक्टर अजून गेलेले नाहीत, त्यांच्या केबिनमध्ये दिवा दिसतोय. बाकापासून केबिनपर्यंत पंधरा पावलं असतील.

मी मघापासून उठते आहे, आणि परत बसते आहे.